बर्फात सायकल आणि टायरची पकड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला राहतो आणि हिवाळ्यातही ऑफिसला सायकलनेच जातो. हे लोकांना कळलंय, त्यामुळे ऑक्टोबर उजाडला की प्रश्न यायला लागतात. नुकतेच शिकायला आलेले विद्यार्थी, टोरांटो-बॉस्टनचे नोकरदार, जर्मनीतली मंडळी, आणि अधूनमधून पुण्याहून लेहची तयारी करणारे. प्रत्येकाला वेगळं लिहीत बसण्यापेक्षा सगळं इथे एकत्र केलंय. क्रम सोप्याकडून किचकटाकडे. घाई असेल तर ३ आणि ६ वाचा, बाकीचं सवडीने.

१. दादा, बर्फात सायकल खरंच चालते का, की लोक हौस म्हणून चालवतात?

चालते, आणि रोजच्या कामासाठी चालते. फिनलंडमधल्या ओउलू शहरात शाळेची मुलंही हिवाळाभर सायकलने जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये तिथेच भरली. २०१६ ची आमच्या मिनियापोलिसला झाली. इथला मिडटाउन ग्रीनवे हा जुन्या रेल्वेच्या खोलगट मार्गातला सायकलरस्ता. त्यावरचा बर्फ नांगर फिरवून काढतात, आणि कित्येकदा तो शेजारच्या गल्ल्यांपेक्षा आधी मोकळा होतो. तुमच्या गावात रस्ते कसे साफ होतात, यावर निम्मं गणित ठरतं. टायरचा विचार त्यानंतर.

२. टायर घसरतो तो नेमका कशामुळे? माझ्या टायरची नक्षी तर अजून चांगली आहे.

डांबर दिसायला गुळगुळीत असलं तरी खडबडीत असतं. रबर त्या खाचांत दबून बसतं, म्हणून पकड मिळते. बर्फाच्या थरावर खाचाच नसतात, वर पाण्याचा अतिशय पातळ पापुद्रा असतो. नक्षी कितीही खोल असली तरी धरायला काही नाही, तर ती काय करणार?

लोक सगळ्याला सरसकट ‘बर्फ’ म्हणतात आणि तिथेच चुकतात. ताजा भुसभुशीत बर्फ चाकाला रोखतो, पण सहसा पाडत नाही. गाड्यांनी दाबून घट्ट झालेला बर्फ थंडी कडक असेल तर बरी पकड देतो. मीठ आणि चाकं यांनी घुसळलेला, ब्राउन शुगरसारखा दिसणारा रबरबाट पुढचं चाक वाट्टेल तिकडे ढकलतो. आणि चौथा, वितळून पुन्हा गोठलेला पारदर्शक थर, ज्याला इथे ब्लॅक आइस म्हणतात. हाडं मोडतात ती बहुतेक या चौथ्यावर.

तापमानाचं उलटं वाटेल, पण उणे २० ला घट्ट बर्फावर सायकल जास्त सुखात चालते. चाकाखाली कुरकुर आवाज येतो आणि टायर धरून राहतो. शून्याच्या आसपास पाण्याचा पापुद्रा जाड होतो, तेव्हा सांभाळायचं. त्यात रस्त्यावरचं साधं मीठ साधारण उणे ९-१० च्या खाली फारसं काम करत नाही. म्हणजे कडाक्याच्या थंडीत महापालिकेने मीठ टाकलंय म्हणून निर्धास्त होऊ नका.

३. एकही पैसा खर्च न करता पकड वाढवायची तर काय करू?

हवा कमी करा. याच्याइतका फरक फुकटात दुसऱ्या कशाने पडत नाही, आणि लोक नेमकं हेच करत नाहीत, कारण लहानपणापासून टणक टायर म्हणजे चांगला टायर हे डोक्यात बसलेलं असतं.

हवा कमी झाली की टायर पसरतो, जमिनीला जास्त रबर लागतं आणि नक्षीचे गठ्ठे बर्फात रुततात. उन्हाळ्यात ३५-४० मिमीच्या टायरमध्ये ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरत असाल, तर बर्फात ३५ ते ४५ पर्यंत उतरा. २.१ इंची एमटीबी (माउंटन बाइक) टायरला २० ते २५ पुरतात. वजन ७५ किलोच्या पुढे असेल किंवा कॅरिअरवर सामान असेल, तर थोडी जास्त ठेवा. टायरच्या कडेला किमान दाब छापलेला असतो, त्याच्या खाली जाऊ नका.

पाच-पाच पीएसआय काढत जा. सायकलवर बसल्यावर मागचा टायर कडेला जरासा फुगलेला दिसला पाहिजे. खड्ड्यात रिम ठक्कन आपटली, तर फार काढलीत. ट्यूबला दोन समांतर चिरा पडून पंक्चर होईल. व्हॉल्व्ह तिरका झालेला दिसला, तर टायर रिमवर सरकतोय. तसंच रेटलंत, तर व्हॉल्व्ह ट्यूबमधून उपटून येतो.

४. घरात हवा भरली, बाहेर गेल्यावर टायर मऊ वाटतो. हवा गळतेय का?

बहुधा नाही. थंडीने दाब उतरतो. २० अंशांच्या खोलीत ६० पीएसआय भरून सायकल उणे १० मध्ये नेली, की आत साधारण ५२ उरतात. ३५ भरले असतील तर ३० च्या आसपास. म्हणून घरात भरताना तेवढं धरूनच भरा, किंवा सायकल बाहेर गार झाल्यावर मोजा. आणखी एक: मोठ्या पंपाचा काटा १५ पीएसआयच्या खाली अंदाजच सांगतो. फॅटबाइक, म्हणजे खूप रुंद टायरची सायकल असेल (प्रश्न १३), तर कमी दाबाचा वेगळा मापक घ्यावाच लागतो.

५. रुंद टायर चांगला की अरुंद? एक जण एक सांगतो, दुसरा उलट.

दोघंही आपापल्या गावापुरते खरे. रस्त्यावर दोन-चार सेंटिमीटर ताजा बर्फ आणि खाली डांबर असेल, तर अरुंद टायर तो कापून डांबरापर्यंत पोचतो. जिथे बर्फ हिवाळाभर हटतच नाही, तिथे कापून पोचायला खाली काही नसतं. तिथे रुंद टायर हवा, जो वर तरंगेल. शहरात रोज ये-जा करणाऱ्यांना ३५ ते ४५ मिमी हा मध्यम मार्ग पुरतो. आणि बर्फाचा गोठलेला थर असेल तिथे रुंदीचा वाद व्यर्थ आहे. पुढचा प्रश्न वाचा.

६. स्टडेड टायर घ्यावेच लागतात का? महाग आहेत हो.

वाटेत गोठलेला थर लागणार असेल तर होय, आणि याला पर्याय नाही. स्टड म्हणजे रबरात बसवलेले बारीक धातूचे खिळे. त्यांची टोकं बर्फात घुसतात, रबराला जे धरता येत नाही ते धरतात. स्टड नसलेला ‘विंटर’ टायर थंडीत मऊ राहतो, दाबलेल्या बर्फावर मदतही करतो, पण ब्लॅक आइसवर तो बाकीच्या रबरासारखाच घसरतो.

घेताना एकच गोष्ट बघा: टोक टंगस्टन कार्बाइडचं आहे की साध्या पोलादाचं. पोलादाचे स्वस्त मिळतात, पण डांबरावर झिजून लवकर बोथट होतात. कार्बाइडचे नीट वापरले तर कित्येक हिवाळे टिकतात. फिनलंडची सुओमी टायर्स (पूर्वी नोकियन नावाने), जर्मनीची श्वाल्बे आणि इथल्या मिनेसोटाची फोर्टीफाइव्ह नॉर्थ ही नावं दुकानात सहज दिसतील. महाग आहेत हे खरं. पण अमेरिकेत हात मोडून एकदा इमर्जन्सीत जाऊन आलेल्या माणसाला ती किंमत विचारा.

मापाचा गोंधळ टाळायला जुन्या टायरच्या कडेवर ३७-६२२ अशा प्रकारचा आकडा शोधा. पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७००सी आणि २९ इंची, ही चाकांची मापं, दोघांचंही ६२२. जुन्या २६ इंची एमटीबीचं ५५९. दुसरा आकडा जुळलाच पाहिजे. पहिला वाढवताना फ्रेम आणि मडगार्डमध्ये जागा आहे का ते बघा.

७. १०६ स्टड, २४० स्टड, तीनशेच्या वर स्टड… कितीचा घेऊ?

सुओमीच्या डब्ल्यू१०६ आणि डब्ल्यू२४० मध्ये आकडा नावातच आहे. १०६ वाल्यात दोन ओळी. रस्ता बहुतेक मोकळा आणि अधूनमधून गोठलेला पट्टा, अशांसाठी तो ठीक. २४० वाल्यात चार ओळी. बाहेरच्या ओळी वळताना किंवा चाक गोठलेल्या चाकोरीच्या कडेवर चढलं की कामाला येतात. गल्लीबोळ साफ न होणाऱ्या शहरात राहत असाल, तर चार ओळींचाच घ्या. तीनशेच्या वरचे एमटीबी टायर जंगलवाटा आणि गोठलेल्या तळ्यांसाठी. ऑफिसला जायला ते नुसते जड पडतात.

या टायरमध्ये हवा हाच गिअर असतो. रस्ता कोरडा असेल तर जास्त भरा, मधला भागच टेकतो आणि कडेचे स्टड झिजत नाहीत. बर्फ पडला की कमी करा, चारही ओळी खाली येतात.

८. बजेट एकाच टायरचं आहे. पुढे लावू की मागे?

पुढे. मागचं चाक घसरलं तर सायकल शेपटी हलवते, पाय टेकून सावरता येतं. पुढचं निसटलं तर सावरायला वेळच मिळत नाही, खांदा नाहीतर कोपर थेट जमिनीवर. महिन्या-दोन महिन्यांनी जमेल तेव्हा मागचाही घ्या, कारण चढावर मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं. ‘ढकलायला मागचं चाक लागतं म्हणून मागे लावला’ असं सांगणारे भेटतात, ऐकू नका.

९. नवीन टायर आजच आले, उद्या बर्फ आहे. लगेच वापरू का?

आधी ४०-५० किमी डांबरावर चालवा. जोरात ब्रेक नाही, उभं राहून पेडल मारणं नाही. एवढ्यात स्टड रबरात पक्के बसतात. नाहीतर पहिल्याच आठवड्यात निघून पडतात. उद्याच वापरावे लागले तर वापरा, पण हळू. कडेवरचा फिरण्याचा बाण बघून बसवा. बसवताना हातमोजे घाला, स्टड बोटं सोलतात. आणि पुढच्या वर्षीसाठी: ऑक्टोबरातच मागवा, पहिल्या हिमवृष्टीनंतर लोकप्रिय मापं संपतात.

१०. कोरड्या रस्त्यावर स्टडेड टायर चालतात का?

चालतात. कढईत रेती भाजल्यासारखा आवाज येतो, सायकल जड लागते, रोजच्या अंतराला थोडा जास्त वेळ धरा. वळणावर मात्र जपा: कोरड्या डांबरावर, आणि विशेषतः लोखंडी झाकणं, पुलाचे सांधे, ट्रामचे रूळ यांवर स्टड पकड वाढवत नाहीत, कमीच करतात. फरशीवर सायकल ढकलत नेऊ नका, चरे पडतात. भाड्याच्या घराचं डिपॉझिट गेल्यावर मला लिहू नका.

११. जुन्या टायरला आतून स्क्रू मारून घरी स्टडेड टायर बनवता येतो का?

येतो, आणि बर्फावर तो भारी चालतो. जाड गठ्ठ्यांचा जुना एमटीबी टायर घ्या. प्रत्येक निवडलेल्या गठ्ठ्याच्या मधोमध बाहेरून बारीक ड्रिलने भोक पाडा, मग आतून बाहेर अर्ध्या इंचाचा, चपट्या डोक्याचा पत्र्याचा स्क्रू पिळा. टोक २-३ मिमी बाहेर राहू दे, जास्त असेल तर घासून टाका. आता आतल्या बाजूला स्क्रूच्या डोक्यांची रांग दिसेल; हीच ट्यूबची वैरीण. जुनी ट्यूब उभी चिरून तिचं अस्तर त्यावर लावा, किंवा डक्ट टेपचे दोन थर. तरीही काही दिवसांनी टायर उघडून बघा, डोकी हळूहळू अस्तर खातात.

मात्र हा टायर डांबरासाठी नाही. साधं पोलाद डांबरावर भराभर बोथट होतं, आणि संध्याकाळभर राबून बनवलेला टायर पंधरवड्यात निकामी होतो. गोठलेल्या तळ्यावर फिरायची हौस असेल तर जरूर बनवा. तळ्यावर जाण्याआधी बर्फाची जाडी बघायची: मिनेसोटात पायी चालण्यासाठी किमान ४ इंच घट्ट, स्वच्छ, नवा बर्फ असावा असं सरकारी खातं सांगतं.

१२. टायरभोवती केबल टाय बांधायचा व्हिडिओ पाहिला. करू का?

डिस्क ब्रेक असतील तरच विचार करा. रिम ब्रेक असेल तर ब्रेकपॅड टायवर आपटेल आणि चाक अडेल. मऊ बर्फातून कसंबसं घरी पोचायला ठीक, पण मोकळ्या रस्त्यावर ते तुटून पडतात, प्लास्टिकचा कचरा होतो तो वेगळा. गोठलेल्या थरावर त्यांचा उपयोग जवळपास नाही. सायकलच्या टायरभोवती बांधायच्या बर्फाच्या साखळ्यांचंही तसंच: खोल बर्फात उत्तम, पण डांबरावर चाक खडखडतं, आणि फ्रेममध्ये जागा लागते.

१३. मग फॅटबाइकच घेऊ का?

तुम्ही कुठे चालवणार ते सांगा. चार-पाच इंची टायर, ४ ते ८ पीएसआय हवा. न नांगरलेल्या वाटांवर तिला तोड नाही. २००५ मध्ये मिनेसोटाच्याच सर्ली कंपनीने पग्सली ही फॅटबाइक बाजारात आणली, तेव्हापासून ही सायकल सामान्य माणसाच्या हाती आली. पण फॅटबाइकलाही गोठलेल्या थरावर स्टड लागतातच, आणि तिचे स्टडेड टायर सगळ्यात महाग. फक्त शहरातल्या ये-जा साठी घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रॅक्टर.

१४. स्टड आहेत, हवाही कमी केली, तरी पडलो. का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. कारणं बहुधा यांपैकी असतात.

गोठलेली चाकोरी. दुपारी गाड्यांनी घुसळलेला बर्फ रात्री तसाच कडक होतो. चाक चाकोरीत अडकतं, हँडल वळतं, सायकल वळत नाही. स्टड इथे कमी पडतात. चाकोरी आडवी ओलांडायची तर जितक्या काटकोनात जाल तितकं बरं, आणि वेग आधीच उतरवा. ट्रामच्या रुळांनाही हाच नियम. टोरांटोकरांनी हे पाठच करावं.

बर्फाखाली बर्फ. वर ताजा थर, खाली जुना गोठलेला. वरचा थर जाड असेल तर स्टड खालपर्यंत पोचतच नाहीत.

वळणावरचा ब्रेक. चाकाची पकड एकतर वळायला वापरा, नाहीतर थांबायला. ब्रेक वळणाच्या आधी संपवा, वळताना सायकल कलंडू न देता हँडलनेच वळवा, पेडल हलकेच चालू ठेवा.

ब्लॅक आइस ओळखता न येणं. रस्ता ओला दिसतोय, पण पुढच्या गाडीच्या चाकांमागे पाणी उडत नाही? मग तो ओला नाही, गोठलेला आहे. पुलांवर हे आधी होतं, कारण पुलाला खालूनही गार वारा लागतो.

१५. ब्रेक कुठला आणि किती मारायचा?

संशय असेल तिथे मागचा, आणि लवकर. मागचं चाक अडून घसरलं तर कळतं आणि सावरतं. पुढच्याचं प्रश्न ८ मध्ये सांगितलंय. रिम ब्रेकमध्ये रिमवर बर्फ बसतो, चाकाच्या पहिल्या काही फेऱ्या नुसत्या तो पुसण्यात जातात. म्हणून थांबायच्या आधी ब्रेक हलका दाबून रिम कोरडी करून घ्या. सीट बोटभर खाली घ्या म्हणजे पाय चटकन टेकेल.

१६. सकाळी पेडल फिरतं, पण चाक फिरत नाही! हे टायरचं आहे का?

नाही, फ्रीव्हीलचं, म्हणजे पेडल थांबलं तरी मागचं चाक फिरू देणाऱ्या भागाचं. आतले खटके घट्ट झालेल्या ग्रीसने किंवा गोठलेल्या पाण्याने चिकटतात, दात धरत नाहीत. रोज गरम घरात सायकल आणली की बर्फ वितळून पाणी आत जातं आणि सकाळी बाहेर गोठतं. सायकल थंड गॅरेजमध्येच राहू दे, किंवा आणायचीच तर पूर्ण सुकू दे. दुकानात सांगून आत थंडीत चालणारं हलकं वंगण घालून घ्या.

मडगार्डचाही असाच त्रास: टायर आणि मडगार्डमध्ये ओला बर्फ ठासतो, मग गोठतो. बोटभर फट ठेवा.

१७. ई-बाइकला काही वेगळं?

मोटर झटका देते आणि बर्फावर झटका म्हणजे घसरण. सगळ्यात कमी मदतीचा मोड ठेवा. मोटर पुढच्या चाकात असेल तर पुढचा टायर स्टडेड असलाच पाहिजे, याबाबत मी हट्टी आहे. थंडीत बॅटरीचा पल्ला घटतो. आणि गोठणबिंदूखालच्या बॅटरीला चार्जिंग लावू नका, घरात आणून आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

१८. जर्मनीत स्टडेड टायरवर बंदी आहे ना?

ती मोटारींना. सायकलला चालतात.

१९. मी नाशिकहून लिहितेय. मुलगा तिकडे बर्फात सायकल चालवतो म्हणतो. त्याला जरा सांगा ना.

काकू, सांगतो. पण चालवू नको असं सांगून तो ऐकणार नाही. त्याला विचारा, पुढचा टायर कुठला आहे. ‘स्टडेड’ म्हणाला तर निम्मी काळजी सोडा. उरलेल्या निम्म्यासाठी हेल्मेट आणि पुढे-मागे दिवे विचारा. डिसेंबरात इथे पाचच्या आत अंधार पडतो.

२०. जूनमध्ये मनाली-लेह करतोय. स्टडेड टायर नेऊ का?

नको. हंगामात रस्ता बहुतेक मोकळा असतो, बर्फ असलाच तर खिंडींच्या आसपास. तेवढ्यासाठी जड टायर शेकडो किलोमीटर ओढण्यात अर्थ नाही. दोन इंची गठ्ठ्यांचा टायर, बर्फाच्या पट्ट्यात थोडी कमी हवा, आणि शंका आली की उतरून चालणं. दुपारी बर्फ वितळून नाले फुगतात, म्हणून लोक ते पहाटे ओलांडतात. पण त्याच वेळी रस्त्यावर वाहून आलेलं पाणी गोठलेलं असतं. मी सांगेन, ऊन पडल्यावर तासाभराने निघा, म्हणजे थर मऊ झालेला असतो आणि नाला अजून फुगलेला नसतो.

एक गंमत: मनाली सुमारे २,००० मीटरवर, बारालाचा खिंड सुमारे ४,९०० वर. वर हवेचा दाब कमी असल्याने टायरमधला दाब ३-४ पीएसआयने जास्त भरतो, आणि थंडी जवळपास तेवढाच उतरवते. त्यामुळे घाटात उगाच पंप काढू नका.

जानेवारीतली स्पिती ही वेगळी गोष्ट. तिथे गाड्यांनाही साखळ्या लावतात. तिथे जायचं तर स्टड हवेतच.

२१. मार्चमध्ये टायर कधी काढायचे, आणि ठेवायचे कसे?

दिवसा रस्ता कोरडा दिसला म्हणून घाईने काढू नका. मार्चमध्ये दुपारी वितळतं आणि रात्री गोठतं, त्यामुळे सकाळी साडेसातला ऑफिसला निघणाऱ्याला वर्षातली सगळ्यात वाईट घसरण तेव्हाच भेटते. रात्रीचं तापमान आठवडाभर शून्याच्या वर राहिलं, की काढा. काढल्यावर मीठ धुवा, सुकवा, ऊन आणि हीटरपासून लांब ठेवा. पडलेले स्टड मोजून ठेवा. बऱ्याच टायरना सुटे स्टड आणि ते बसवायचं हत्यार वेगळं मिळतं. पुढचा आणि मागचा कुठला ते खडूने टायरवर लिहून ठेवा. मागचा लवकर झिजतो, म्हणून पुढच्या हिवाळ्यात एकच नवा घ्यायचा असेल तर तो पुढे लावा आणि पुढचा मागे टाका.